कांगेर घाटीच्या चुनखडी गुहा: ठाणे-नवी मुंबईहून जाणाऱ्यांसाठी धागा

पारसिक

थंडी जवळ आली की कुटुमसर गुहेची विचारणा सुरू होते आणि दर वेळी तीच माहिती चार ठिकाणी विखुरली जाते. म्हणून एकच धागा काढतो. ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घाला, चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, जगदलपूरच्या दक्षिणेला आहे. १९८२ साली घोषित झालं, क्षेत्र २०० चौ. किमी. आपलं येऊर-बोरिवलीचं उद्यान १०३ चौ. किमी.चं, म्हणजे जवळपास दुप्पट. सालाचं जंगल आणि सागाचं जंगल इथे एकमेकांत मिसळतं. मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत भारताच्या ज्या सहा जागा गेल्या, त्यात कांगेर घाटी आहे.

इथल्या प्रसिद्ध गुहा तीन: कुटुमसर, कैलास, दंडक. सगळ्यात जास्त लोक कुटुमसरला जातात. जगदलपूरपासून साधारण ३० किमी. मुख्य मार्ग काहीशे मीटर लांब आणि जमिनीखाली सुमारे ३५ मीटर खोल.

तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ही गुहा पावसाळ्यात बंद असते. आतून ओढा वाहतो, पाणी भरतं. पाऊस संपला की लगेच उघडते असंही नाही. पाणी ओसरायला हवं, आतला गाळ काढायला हवा, जिने तपासायला हवेत. त्यामुळे उघडण्याची तारीख दर वर्षी पुढे-मागे होते. बहुतेक वेळा नोव्हेंबरपासून पुढे धरून चला, आणि जगदलपूरच्या वनविभागाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका. तीनपैकी कुठल्या गुहा सुरू आहेत तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. तिन्ही एका वेळी खुल्या असतील असं गृहीत धरू नका.

सानपाडा_सई

अगदी वेळेवर धागा काढलात. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार चाललाय. बस्तरचा दसराही बघता येईल. सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात पण चालते. कितपत जमेल?

पारसिक

सईताई, बरेच जण नेमके इथेच फसतात. बस्तरचा दसरा ७५ दिवसांचा आणि त्याचे मुख्य दिवस ऑक्टोबरच्या आसपास येतात. त्या वेळी जगदलपूरला खोल्या मिळणं कठीण असतं आणि गुहा बहुधा बंदच असते. दसऱ्यासाठी जायचं असेल तर दसऱ्यासाठीच जा.

धबधब्यांचं गणित आणखी वेगळं. चित्रकोटला इंद्रावतीचं पाणी जुलै ते सप्टेंबर पूर्ण रुंदीने कोसळतं, पण तेव्हा ते मातीच्या रंगाचं असतं. थंडी सरत आली की पाणी दोन-तीन धारांवर येतं. गुहाही उघडी आणि चित्रकोटही भरलेलं, असा काळ फार थोडा असतो. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा मध्य हा माझ्या मते सगळ्यात चांगला. नाताळच्या आठवड्यात गर्दी इतकी असते की जिन्यावरच अर्धा तास जातो.

गुडघ्यांबद्दल कोपरीकरांनी लिहावं, त्यांना आतली बारीक माहिती आहे.

रेल_रसिक

प्रवासाचं मी लिहितो.

सरळ मार्ग रायपूरहून. हावडा मेल (नागपूरमार्गे) रात्री सीएसएमटीहून सुटते, कल्याणला बसता येतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास रायपूर. गीतांजली सकाळी सुटते आणि मध्यरात्रीच्या सुमारास पोचते. पुढचा रस्ता धरला तर हावडा मेल सोयीची पडते, कारण रायपूरहून जगदलपूरच्या स्लीपर बस रात्री सुटतात आणि पहाटे पोचवतात. अंतर सुमारे ३०० किमी, वेळ सहा ते सात तास. गीतांजलीने गेलात तर मध्यरात्री रायपूरला उतरून पुढे काय, हा प्रश्न उरतो. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून कल्याण, असं गाठावं. सामान घेऊन दादरला जाण्यात अर्थ नाही.

वाटेत धमतरी, कांकेर, मग केशकाल घाट. बारा मोठी वळणं आहेत. गाडी लागणाऱ्यांनी बसमध्ये मागच्या चाकावरची सीट घेऊ नये, पुढच्या भागातली खालची बर्थ घ्यावी.

विमानाने मुंबई-रायपूर दोन तासांच्या आत. जगदलपूरला छोटा विमानतळ आहे, पण तिथली विमानं कमी आणि वेळापत्रक बदलतं. फक्त त्यावर भिस्त ठेवून परतीचं आरक्षण करू नका.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. एलटीटी-विशाखापट्टणम एक्सप्रेस कल्याणहून पुणे-सोलापूरमार्गे जाते, एका दिवसाहून जास्त वेळ घेते. विशाखापट्टणमहून सकाळी लवकर किरंदुल पॅसेंजर सुटते. ती पूर्व घाट चढते, अनेक बोगद्यांतून जाते आणि दुपारनंतर जगदलपूरला येते. वाटेत बोर्रा गुहालू नावाचं स्टेशनच आहे. तिथल्या बोर्रा गुहाही चुनखडीच्या, त्याखाली गोस्थनी नदी. म्हणजे बोर्रा, अराकूचं खोरं, कुटुमसर एका रुळावर ओवता येतात. शिमिलीगुडा लागेल, ते एकेकाळी देशातलं सर्वांत उंच ब्रॉडगेज स्टेशन मानलं जायचं, सुमारे ९९६ मीटर. पावसाळ्यात या मार्गावर दरडी कोसळून गाड्या बंद पडतात, पण तेव्हा गुहाही बंदच असते.

ऐरोली_सेक्टर८

स्वतःची गाडी घेऊन गेलं तर?

रेल_रसिक

जाताना दोन आणि येताना दोन दिवस नुसत्या ड्रायव्हिंगचे. शिवाय गुहेपर्यंत स्वतःची गाडी नेता येईलच असं नाही. तिकीट नाक्यापासून पुढे जंगलातला काही किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे आणि वनखात्याने नोंदवलेल्या जिप्सीने जावं लागतं. त्यापेक्षा जगदलपूरला दिवसभराची टॅक्सी ठरवा. जिप्सीचं भाडं गाडीमागे असतं, त्यामुळे दोघेच असाल तर नाक्यावर आणखी चौघांची सोबत मिळते का बघा. तिकीट, जिप्सी, वाटाड्या आणि कॅमेरा यांचे पैसे वेगवेगळे लागतात. नाक्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रोख ठेवा.

भूगोल_शिक्षक

मुलांना घेऊन जाताय तर गुहा कशी होते हे आधी घरी दाखवा, मग तिथे नुसता अंधार दिसणार नाही.

ज्या सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी आहे, तिथल्या गीझरची कॉइल काढून बघा. तिच्यावर पांढरट, खडबडीत, पापुद्र्यांचा थर असतो. नखाने खरवडला तर चुरा पडतो. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, बुडबुडे येतील. गुहेतले स्तंभ मुख्यतः ह्याच पदार्थाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. व्हिनेगर अंड्याच्या कवचावर टाकलं तरी तेच होतं.

आता प्रक्रिया. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड उचलतं. मुळं श्वास घेत असतात, पाचोळा कुजत असतो, त्यामुळे मातीतल्या हवेत तो पुष्कळ असतो. पाणी किंचित आम्ल होतं आणि चुनखडीला विरघळवत भेगांतून खाली उतरतं. हजारो वर्षांत भेगेची फट होते, फटीची पोकळी होते. हेच पाणी पोकळीच्या छतावर थेंब होऊन लोंबतं, तेव्हा गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा कमी असल्याने थेंबातला वायू सुटतो. वायू गेला की चुना विरघळलेला राहू शकत नाही, आणि थेंबाच्या कडेला एक कण बसतो. छतावरून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, थेंब पडतो तिथे जमिनीवरून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी.

अनेक ठिकाणी ‘पाणी वाळून स्तंभ होतात’ असं लिहिलेलं दिसतं. अशा खोल, दमट गुहेत पाणी फारसं वाळत नाही, हवेत आर्द्रता आधीच ठासून भरलेली असते. मुख्य काम वायू सुटण्याचं आहे. गीझरमध्ये उष्णतेने वायू पळतो, गुहेत तो आपणहून सुटतो, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे अशा गुहा का नाहीत? ठाणे, मुंबई आणि सह्याद्री बसाल्टवर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो खडक, पाण्यात असा विरघळत नाही. कान्हेरीच्या शंभराहून जास्त गुहा माणसांनी छिन्नीने कोरल्या. कुटुमसरला छिन्नी लागलेली नाही. महाराष्ट्रात चुनखडी आहे ती चंद्रपूर-यवतमाळकडे, तिथे सिमेंटचे कारखाने त्याच कारणाने उभे राहिले.

घणसोली_नीता

फार छान समजावलंत, सर. हे स्तंभ किती वेगाने वाढतात?

भूगोल_शिक्षक

ठिकाणानुसार बदलतं, पण ढोबळमानाने वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरा. करंगळीएवढा, पाच सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे पाचशे वर्षं. ‘आठवण म्हणून एक छोटासा’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशोब सांगा.

हात लावल्यानेही नुकसान होतं. आपल्या तळव्याला तेल असतं, घाम असतो. तो थर पृष्ठभागावर बसला की पाणी तिथे नीट पसरत नाही आणि नवा कण चिकटत नाही. रोज शंभर हात लागणारे स्तंभ काळपट, गुळगुळीत झालेले दिसतात. त्यांच्या शेजारचाच, हाताच्या टप्प्याबाहेरचा स्तंभ बघा. टॉर्च तिरका धरला की तो साखरेसारखा चमचमतो आणि टोकाला थेंब थरथरत असतो. टोकाला थेंब असणारा स्तंभ अजून वाढतोय.

कोपरीकर

आतलं सांगतो, क्रमाने.

गुहेचं तोंड अरुंद आहे. ‘गुहा’ म्हटल्यावर कान्हेरीसारखा भव्य दरवाजा डोळ्यांपुढे येतो, तसं काही नाही. खडकाच्या फटीतून लोखंडी जिन्याने खाली उतरायचं, काही ठिकाणी अंग तिरकं करून, डोकं वाचवत. पाठीवरची सॅक अडकते. सॅक गाडीतच ठेवा. पाण्याची बाटली, टॉर्च, रुमाल एवढंच कमरेच्या पाऊचमध्ये. दोन्ही हात मोकळे हवेत, रेलिंग धरायला.

जिना ओला असतो आणि वर-खाली करणारी माणसं त्याच वाटेने ये-जा करतात. वरून येणाऱ्याच्या बुटाचा चिखल पायरीवर राहतो, त्यावर पुढचा घसरतो. म्हणून उतरताना तोंड जिन्याकडे करा, शिडी उतरतो तसं. बरेच जण समोर तोंड करून उतरतात आणि टाच सटकते.

बुटांविषयी: खोल खाचांचा रबरी तळ हवा. फ्लोटर, क्रॉक्स, गुळगुळीत स्पोर्ट्स शूज नकोत. पण खाचांचा बूटही आतल्या चिकणमातीत फसवतो. माती खाचांत भरली की तळ सपाट होतो आणि पकड जाते. सपाट दगडावर किंवा जिन्याच्या पहिल्या पायरीला तळ घासून माती काढा, मगच चढा. आधी बोर्रा करून आला असाल तर बूट धुऊन, वाळवून कुटुमसरला न्या. एका गुहेतली माती दुसरीत जाऊ नये, तिच्यासोबत बुरशी आणि जिवाणू जातात.

उजेड. वाटाड्याकडे सोलर दिवा असतो, तो दहा-बारा जणांत एक. वाटाड्या पुढे गेला की मागच्यांना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही. माणशी एक हेडलॅम्प घ्या, २०० ल्युमेनच्या आसपास पुरतो. गुहांत नेहमी जाणारे माणशी तीन स्वतंत्र दिवे ठेवतात. पर्यटकाने दोन तरी ठेवावेत. मोबाइलचा टॉर्च मोजू नका, एक हात अडकतो, आणि ओल्या हातातून फोन सुटला की फटीत जातो, परत येत नाही. हेडलॅम्प समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका, मान खाली ठेवून बोला.

सईताई, आईंबद्दल. चढ-उताराचा एकूण आकडा फार मोठा नाही. त्रास होतो तो पायरीच्या उंचीचा आणि वाकून चालण्याचा. गुडघा पूर्ण दुमडून, पाठ वाकवून चार पावलं टाकावी लागतात. घरी एक चाचणी घ्या. जेवणाच्या टेबलाखालून वाकून पलीकडे जाता येतं का, हाताचा आधार न घेता उठता येतं का? आणि जायच्या आधी एकदा कान्हेरीच्या पायऱ्या चढून-उतरून बघा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर कुटुमसर नको. वर जंगलात बसायला जागा आहे, त्यात कमीपणा नाही. आठ वर्षांचा मुलगा आरामात उतरतो, फक्त त्याच्या पुढे एक आणि मागे एक मोठा माणूस हवा.

कल्याण_क्लिक्स

चष्मा आणि कॅमेरा यांचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाहेर चांगलीच थंडी असते. गुहेच्या आत बारा महिने २८ अंशांच्या आसपास आणि हवा ओलीचिंब. थंड काच त्या हवेत गेली की क्षणात धुकं धरते. जिन्यावरच चष्मा पांढरा होतो आणि पायरी दिसत नाही. पुसला तरी परत धरतो, कारण काच अजून थंडच असते. चष्मा उतरवून दोन-तीन मिनिटं शर्टाच्या आत, अंगाला लावून ठेवा, काच गरम झाली की धुकं थांबतं. चष्म्याला दोरी बांधा.

कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून, झिप लावून आत न्या. आत गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं पिशवी उघडू नका. कॅमेरा बाहेरच्या थंडीतून आतल्या तापमानावर आला की मगच काढा. घाईने उघडलात तर लेन्सच्या आतल्या काचेवर दव धरतं, ते पुसता येत नाही.

फोटोसाठी फ्लॅश टाळा. फ्लॅश समोरून पडतो आणि स्तंभ सपाट दिसतात, वर हवेतले जलकण पांढरे ठिपके होऊन येतात. एकाने बाजूने हेडलॅम्प धरायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. सावली पडली की उंची कळते.

घणसोली_नीता

आंधळे मासे खरंच दिसतात का?

खाडी_अभ्यासक

दिसतात, पण शोधायला संथ पाणी आणि संथ माणूस लागतो. बोटाच्या दोन पेरांएवढे, फिकट, जवळजवळ रंगहीन. डोळे खुजे झालेले.

या माशाचं शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी. आपल्यासाठी विशेष गोष्ट अशी की ही जात फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली वर्णन केली ती पुण्याच्या नमुन्यांवरून. म्हणजे सह्याद्रीच्या ओढ्यांत याचे डोळस, पट्टेदार भाऊबंद आहेत. कुटुमसरमधले मासे पिढ्यान् पिढ्या अंधारात राहिले. अंधारात डोळा आणि रंग यांचा उपयोग नाही, ते राखायला मात्र शरीराची शक्ती खर्च होते. हळूहळू दोन्ही कमी झाले.

याच गुहेत एक लांब मिशांचा रातकिडा आहे, केम्पिओला शंकरी. हे नाव डॉ. शंकर तिवारींवरून पडलं. १९५० च्या दशकात त्यांनी स्थानिक आदिवासींच्या मदतीने ही गुहा धुंडाळली. तोवर तिला गोपनसर म्हणत. मिशा लांब का, तर डोळ्यांचं काम त्या करतात.

गुहेत वनस्पती उगवत नाहीत, त्यामुळे अन्न सगळं बाहेरून येतं. पावसाळ्यातला पूर पाचोळा, माती, किडे आत आणतो, आणि वटवाघळांची विष्ठा. गुहा आपल्यासाठी बंद असते तेव्हा तिथल्या जीवांचं वर्षाचं धान्य आत येत असतं. म्हणून आत उरलेल्या डबक्यात पाय टाकू नका. सात-आठ माणसं एका डबक्यातून गेली की गाळ ढवळतो. टॉर्चचा झोत थेट माशावर रोखून ठेवू नका, कडेने धरा. आणि बिस्किटाचे तुकडे पाण्यात अजिबात टाकू नका. तुकडा कुजतो, डबक्यातला प्राणवायू संपतो.

डॉ_वाशी

आरोग्याचं थोडं.

गुहेत शेवटच्या भागाकडे हवा कोंदट असते. अरुंद तोंड, खाली खोली, आणि माणसांचा श्वास, त्यामुळे गर्दीच्या दिवशी कार्बन डायऑक्साइड साचतो. डोकं जड होणं, धाप लागणं, घाबरं वाटणं ही लक्षणं दिसली की पुढे जायचं नाही. तिथेच बसून ‘बरं वाटेल’ म्हणून थांबायचंही नाही. वर यायचं. दमा असणाऱ्यांनी इन्हेलर पाऊचमध्ये ठेवावा, गाडीत नाही. हृदयविकार, गर्भारपण किंवा बंद जागेची भीती असेल तर उतरूच नये. लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या माणसाला जिन्याच्या मध्यावर त्रास सुरू झाला की मागचे-पुढचे सगळे अडकतात.

दुसरं, मलेरिया. बस्तरमध्ये फाल्सिपेरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार पूर्वीपासून आहे. सरकारने जानेवारी २०२० पासून मलेरियामुक्त बस्तरची मोठी मोहीम चालवली, तरी काळजी घ्या. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, पायमोजे, डीटवालं मलम, आणि मच्छरदाणी असलेली खोली. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. परतल्यावर पुढच्या महिनाभरात ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि बस्तरला जाऊन आल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ठाण्यात बसलेला डॉक्टर आपणहून बस्तरचा विचार करणार नाही.

मुलुंड_चेकनाका

आत शिवलिंगासारखा स्तंभ आहे ना? तिथे लोक उदबत्ती लावतात. आम्ही लावली तर चालेल?

कोपरीकर

नका लावू, मनापासून विनंती. हात जोडा, डोकं टेकवा. उदबत्तीचा, कापराचा धूर तिथून बाहेर जात नाही. काजळी छतावर बसते, आणि पुढचा चुन्याचा थर तिच्यावर बसून ती कायमची आत कोंडली जाते. शिवाय जळणारी वात माणसांसाठीचाच प्राणवायू खाते.

कैलास गुहेबद्दलही तेच. तिथले काही स्तंभ ठोकले की नाद येतो. १९९३ च्या सुमारास ही गुहा उजेडात आली तेव्हापासून लोक ठोकत आलेत. वाटाड्याने स्वतःहून ठोकून दाखवायला घेतलं तर नम्रपणे ‘राहू द्या दादा’ म्हणा. पातळ पडद्यासारखे भाग एका फटक्यात तडकतात.

मुलुंड_चेकनाका

पटलं. तसंच करू.

ऐरोली_सेक्टर८

सुरक्षिततेचं काय? घरचे नाव काढलं की नाही म्हणतात.

पारसिक

प्रश्न रास्त आहे. याच रस्त्यावर पुढे दरभा-झीरम घाट आहे, २५ मे २०१३ चा नक्षलवादी हल्ला तिथेच झाला होता. त्यामुळे बेफिकिरी नको. जगदलपूर, कुटुमसर, तीरथगड आणि चित्रकोट ही नेहमीची पर्यटनाची ठिकाणं आहेत, तिथे कुटुंबं जातात. दिवसाउजेडी फिरा, अंधार पडायच्या आत जगदलपूरला परत या, नकाशावर जवळचा दिसतो म्हणून आतला रस्ता धरू नका. निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला आणि वनविभागाला एकदा परिस्थिती विचारा. पोलीस नाक्यावर चौकशी झाली तर ओळखपत्र दाखवा. छावण्यांचे आणि जवानांचे फोटो काढू नका. गावात माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः हाटात.

घणसोली_नीता

डोंगरी मैना दिसेल का? बाकी काय बघावं?

खाडी_अभ्यासक

पहाटे उद्यानाच्या कडेच्या गावांजवळ, उंच वाळक्या झाडांच्या शेंड्यावर. छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे. काळी कुळकुळीत, डोक्यामागे पिवळे पट्टे. इथल्या तरुणांना ‘मैना मित्र’ म्हणून वनविभागाने जोडून घेतलंय, त्यांच्यापैकी कुणी सोबत आलं तर शक्यता वाढते. मैनेचा आवाज मोबाइलवर वाजवून बोलावू नका, घरटं सोडून ती येते आणि अंडी उघडी पडतात.

तीरथगडचा धबधबा मुंगाबहार नदीवर, टप्प्याटप्प्याने उतरतो, गुहेच्या दिवशीच दुपारी होतो. बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आहेत आणि माकडं हातातली पिशवी ओढतात. चित्रकोट उलट्या दिशेला, जगदलपूरपासून ४० किमी.च्या आसपास, त्याला वेगळा दिवस द्या. ढोकरा कलेच्या (ओतीव धातूच्या) वस्तू घ्यायच्या तर परतीच्या वाटेवर कोंडागावला, कारागिरांकडून. चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी, आंबट असते, चव बघावी.

सानपाडा_सई

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवते: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हावडा मेल, रात्रीची बस. पहिल्या दिवशी आराम आणि जगदलपूर, दुसऱ्या दिवशी चित्रकोट, तिसऱ्या दिवशी गुहा आणि तीरथगड, त्याच रात्री रायपूरची बस. आई वर थांबेल, तिच्यासोबत मी. मुलगा बाबांबरोबर खाली जाईल.

पारसिक

दोन बदल करा. गुहा दुसऱ्या दिवशी आणि चित्रकोट तिसऱ्या. अवकाळी पाऊस झाला किंवा जिप्सी मिळाली नाही तर गुहेसाठी एक दिवस हाताशी राहतो. चित्रकोट पावसानंतरही बघता येतं. आणि तिकीट नाक्यावर सकाळी उघडताना पोचा. पहिल्या फेरीत हवा ताजी असते, जिना त्यातल्या त्यात कोरडा असतो आणि डबक्यातलं पाणी कुणी ढवळलेलं नसतं. मुलाला मासा बघायचा असेल तर तीच वेळ.

आईंना थांबण्यासाठी बसायला एक घडीची चटई आणि पाणी गाडीतून काढून घ्या, जिप्सी मधल्या वेळात दुसरी फेरी मारायला जाऊ शकते.

सानपाडा_सई

चटईचं लक्षात आलं नव्हतं. गीझरची कॉइल मात्र आजच काढलीय, मुलगा व्हिनेगर घेऊन बसलाय.

भूगोल_शिक्षक

आधी मेन स्विच बंद केलाय ना? आणि खरवडलेला चुरा कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. गुहेतून आल्यावर त्याला भिंगाखाली बघायला द्या.